फोडायला सोपं, सांगायला अवघड

युजरनेमच्या शेवटी एक कोलन आणि एक कंस टाकायचा, मोबाइलवर हसरा चेहरा काढताना टाकतो तसा. पासवर्डच्या जागी वाटेल ते लिहायचं. पलीकडचा सर्व्हर ‘चुकलं’ असं म्हणत नाही. तो अडकल्यासारखा नुसता थांबतो, आणि तेवढ्यात त्याचं ६२०० नंबरचं पोर्ट उघडं झालेलं असतं. तिथून जो आत जाईल त्याच्या हातात त्या यंत्राचे सगळे अधिकार. शेवटच्या रांगेत बसलेल्या पूर्ण्याच्या पोराने हे करून पाहिलं आणि तो खुर्चीवरून उठलाच.

“सर, येवढंच?”

एवढंच. आणि ही काही सरांनी रचलेली गंमत नव्हती. २०११च्या जून-जुलैत व्हीएसएफटीपीडी या जगभर वापरल्या जाणाऱ्या फाइल सर्व्हरच्या अधिकृत डाउनलोडच्या जागी कोणीतरी भेसळ केलेली प्रत ठेवून दिली होती. लवकरच ते लक्षात आलं आणि ती प्रत काढून टाकली गेली. पण ‘मेटास्प्लॉइटेबल’ नावाच्या सरावाच्या यंत्रात ती भेसळ मुद्दाम जपून ठेवली आहे. एथिकल हॅकिंग शिकणारे बरेच जण आपली पहिली घरफोडी याच यंत्रावर करतात.

हा वर्ग भरला होता परभणीत, जिंतूर रस्त्यावरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, ऐन मे महिन्यात. खिडकीला कूलर, लाइट गेली की इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरवर कूलर लावायचा नाही हा नियम. लॅपटॉपचे पंखे इतके घोंघावत होते की सरांना आवाज चढवून बोलावं लागायचं. शिकायला आलेल्यांत एका पतसंस्थेचा क्लार्क होता, ‘कॉम्प्युटरचं सगळं तूच बघ’ असं सांगून ज्याच्या गळ्यात सर्व्हर अडकवलेला. एका कॉलेजचा लॅब असिस्टंट होता. घरोघरी इंटरनेटच्या जोडण्या देणारा गंगाखेडचा एक जण होता, ज्याला केबल, राउटर आणि आयपी पत्ते यांतलं वर्गात सगळ्यांत जास्त कळायचं आणि जो सगळ्यांत कमी बोलायचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या दोन मुली होत्या. त्यातली सेलूची मुलगी पुढे पुण्याला सी-डॅकच्या सुरक्षा डिप्लोम्याला जायच्या तयारीत होती. सर परभणीचेच. बरीच वर्षं पुण्यात एका कंपनीत पेनटेस्टर, म्हणजे परवानगीने यंत्रणा फोडून तपासणारा, म्हणून काम करून आता घरूनच ते काम करणारे.

मी वही घेऊन बाजूला बसलो होतो. कॉम्प्युटर वापरणाऱ्या कोणाही माणसाइतकंच मला त्यातलं कळतं. पण हे काम करताना माणसं नक्की काय करतात, हे मला बघायचं होतं. सिनेमात हिरव्या अक्षरांचा पाऊस पडतो आणि हुडी घातलेला पोरगा ‘आय ॲम इन’ म्हणतो. प्रत्यक्षात बराच वेळ सगळे नुसते वाचत असतात.

रचना साधी आहे. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल यंत्रं. एक काली लिनक्स, ज्यात हल्ल्याची हत्यारं आधीच भरलेली. दुसरं सरावाचं भोकं पडलेलं यंत्र. दोघांच्या मध्ये फक्त लॅपटॉपच्या आतलंच नेटवर्क, बाहेर जायला वाट नाही. मग एनमॅप चालवायचं. गॉर्डन लायन या माणसाने १९९७ साली लिहिलेलं हे स्कॅनर आजही या धंद्यातलं रोजचं हत्यार आहे. प्रत्येक यंत्राला ६५,५३५ पोर्ट असतात. एनमॅप काही वेगळं सांगितलं नाही तर त्यातली नेहमीची हजार तपासतं. प्रत्येकावर ते एक जोडणीची विनंती टाकतं आणि उत्तर काय येतं ते नोंदवतं. उत्तर आलं तर पोर्ट उघडं, नकार आला तर बंद, आणि काहीच आलं नाही तर मध्ये फायरवॉल बसलेली असावी. गंगाखेडच्या त्या अबोल माणसाने इथे पहिल्यांदा तोंड उघडलं. “उत्तर आलं नाही, हे बी उत्तरच की.” सर म्हणाले, अर्धा विषय तुम्हाला आला.

उघडं पोर्ट सापडणं म्हणजे काही फोडणं नव्हे. त्यामागे कोणतं सॉफ्टवेअर बसलंय, त्याची कोणती आवृत्ती, त्या आवृत्तीत कोणता दोष माहीत झालेला आहे, तो या यंत्रावर खरोखर लागू आहे का, हे एकामागून एक शोधायचं. बहुतेक वाटा बंद निघतात. सेलूच्या मुलीने एका दोषामागे दुपारभर वाचन केलं आणि संध्याकाळी कळलं, की तो या आवृत्तीच्या आदल्याच आवृत्तीत दुरुस्त झालाय. सरांनी तिला तेही वहीत लिहायला लावलं: काय तपासलं, का सोडलं. तिला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक प्रसंग घडला. पूर्ण्याच्या पोराने जेवणाच्या सुट्टीत व्हर्च्युअल नेटवर्क सोडून हॉलच्या वायफायवर स्कॅन मारला. हॉलमालकाच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, सापडला. त्याने ॲडमिनचा नेहमीचा पासवर्ड टाकून पाहिला आणि जिन्यावरून चहा घेऊन येणारा मुलगा त्याच्या स्क्रीनवर दिसायला लागला. भोवती सगळे गोळा झाले, हसायला लागले. सर आले, त्यांनी बघितलं आणि लॅपटॉप मिटायला सांगितला.

“सर, म्या काही बिघडवलं नाही. नुसतं पाहिलं.”

“हॉल कोणाचा? डीव्हीआर कोणाचा? त्याने तुला बघायला सांगितलं होतं?”

त्या दुपारी मग यंत्रं बंद ठेवून कायदा झाला. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००चा. कलम ४३ मालकाच्या किंवा प्रभारी माणसाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरण्याबद्दल आहे. तेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केलं तर कलम ६६ लागतं आणि तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हत्यार तेच, कमांड तीच, बोटंही तीच. गुन्हा आणि नोकरी यांच्या मधोमध फक्त परवानगी. ती तोंडी चालत नाही. कागदावर लागते, आणि त्यात कोणते आयपी पत्ते, कोणत्या वारी किती ते किती वाजेपर्यंत, काय करायचं नाही, तपासताना काही बंद पडलं तर रात्री कोणाला उठवायचं, हे सगळं लागतं. सरांनी प्रत्येकाकडून असा एक कागद लिहून घेतला. मग पूर्ण्याच्या पोराला खाली हॉलमालकाकडे पाठवलं: डीव्हीआरचा पासवर्ड बदला, असं सांगायला, आणि तो आपल्याला कसा कळला हेही सांगायला. पोरगा बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा मालकाने त्याच्याकडूनच पासवर्ड बदलून घेतला होता.

पासवर्डचा तास मला सगळ्यांत जिवंत वाटला. कालीमध्ये ‘रॉकयू’ नावाची एक यादी असते. २००९मध्ये त्या नावाच्या कंपनीकडून तीन कोटींवर खात्यांचे पासवर्ड उघड्या मजकुरातच चोरीला गेले; त्यातले वेगवेगळे जवळपास दीड कोटी काढून ही यादी झाली. सर म्हणाले, ही यादी अमेरिकेची आहे. परभणीची यादी तुम्ही करा. पाच मिनिटांत फळा भरला. देवांची नावं, पोरांची नावं, गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, संस्थेचं नाव आणि स्थापनेचं वर्ष, लग्नाचं वर्ष, मोबाइल नंबर. मग कोणीतरी म्हणालं, गाडीचा नंबर. एकदम हशा पिकला, कारण निम्म्या वर्गाचा तोच होता.

सरांनी मग त्याचं गणित मांडलं. एमएच-२२ सगळ्यांचं सारखं, ते गृहीत. पुढे दोन अक्षरं आणि चार अंक. सव्वीस गुणिले सव्वीस गुणिले दहा हजार: जास्तीत जास्त ६७ लाख ६० हजार शक्यता. ‘आठ-दहा अक्षरांचा, अक्षरं आणि आकडे दोन्ही असलेला पासवर्ड’ हा नियम हा नंबर ऐटीत पाळतो. एमडी-फाइव्ह या जुन्या पद्धतीने तो साठवलेला असेल तर साध्या लॅपटॉपला सगळ्या शक्यता तपासायला काही क्षण लागतात. वर्गातल्या लॅपटॉपने करून दाखवलं. सरांचं बोट एंटरवरून उठेपर्यंत उत्तर आलं होतं. मग तोच पासवर्ड बीक्रिप्टने साठवून तोच हल्ला लावला. बीक्रिप्ट मुद्दाम संथ केलेलं आहे, एकेक अंदाज तपासायला ते यंत्राला घाम काढायला लावतं. संध्याकाळी वर्ग सुटला तेव्हा ते चालूच होतं. पासवर्ड लोकांनी नीट ठेवावेत असं आपण कायम ऐकतो. पण तो कसा साठवायचा हे सॉफ्टवेअर बनवणारा ठरवतो, आणि त्याला कोणी विचारत नाही. मला वाटतं, दोष वाटून घ्यायचाच असेल तर त्याच्या पदरात मोठा वाटा पडायला हवा.

मराठी माणसाला या विषयाची धग पहिल्यांदा नीट लागली ती पुण्यात. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरून हल्लेखोरांनी बँकेच्या खऱ्या स्विचच्या जागी आपला खोटा स्विच उभा केला. एटीएममधून पैशाची मागणी आली की खात्यात शिल्लक आहे का हे स्विच बँकेला विचारतो. खोट्या स्विचने विचारलंच नाही, सरळ ‘द्या’ म्हणत राहिला. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी निघाले. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या यंत्रणेमार्फत आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. कोल्हापुरातल्या एटीएमसमोरही बनावट कार्डांची चळत घेऊन माणसं उभी होती. २०२३च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ते सगळे इथे पैसे काढण्याच्या साखळीतले. स्विच ज्यांनी उभा केला ते त्यांत नव्हते.

पुणं लांब वाटत असेल तर नांदेड शेजारीच आहे. जानेवारी २०२१मध्ये तिथल्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या, दुसऱ्या एका बँकेत असलेल्या खात्यातून चौदा कोटींहून जास्त रक्कम परस्पर वळती झाली. हे नाव निघालं तेव्हा पतसंस्थेचा क्लार्क पेन बाजूला ठेवून ऐकत होता. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार पातळ्यांची चौकट आणली. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत, त्या सहकार खात्याकडे. पैसा लोकांचाच, पण ती चौकट यांना लागू नाही.

फसवणुकीच्या मेसेजचा सराव वर्गातल्या वर्गात झाला. एकमेकांना फसवायचं, बाहेर एकही मेसेज जाता कामा नये. मला वाटलं होतं, ‘तुमचं खातं बंद होणार आहे’ छापाचं काहीतरी येईल. लॅब असिस्टंटने लिहिलं: अतिवृष्टी अनुदानाच्या यादीत तुमच्या आईचं नाव चुकलंय, ई-केवायसी दुरुस्तीसाठी खालची फाइल उघडा. सोबत गावाचं आणि तलाठी सज्जाचं बरोबर नाव. वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी ती फाइल उघडली. मराठवाड्यात ज्याच्या घरी सातबारा आहे, त्याने न उघडणं अवघड. व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या एपीके फायली याच नावांनी फिरतात: किसान योजनेची यादी, आरटीओचं चलान. ‘मोडकी मराठी दिसली की समजा भामटा आहे’ हा सल्ला आपण वडीलधाऱ्यांना देत आलो. आता मशीन कोणालाही नीटस मराठी लिहून देतं, तो सल्ला बाद झाला. सरांनी सगळे मेसेज शेवटी सर्वांसमोर पुसायला लावले. लॅब असिस्टंटचा मेसेज पुसताना वर्गात कोणी फारसं हसलं नाही.

प्रमाणपत्रांचा विषय निघायचाच. सीईएच ही प्रसिद्ध परीक्षा म्हणजे १२५ पर्यायी प्रश्न आणि चार तास. ओएससीपीचं वेगळं: पावणेचोवीस तास यंत्रं फोडायची आणि नंतरच्या चोवीस तासांत अहवाल लिहून पाठवायचा. अहवाल नाही तर गुण नाहीत, मग सगळी यंत्रं फोडलेली असोत. फी दोन्हींची डॉलरमध्ये, आणि ती परभणीच्या पगाराला जड आहे. पण फोडण्याइतकाच वेळ सांगण्याला द्यावा लागतो, हे ती दुसरी परीक्षा मानते, आणि इथेच वर्गाची खरी दमछाक झाली.

कारण सरावाचा अहवाल सगळ्यांनी एकाच भाषेत लिहिला होता. ‘एसएमबी व्हर्जन वन इनेबल्ड, रिमोट कोड एक्झिक्युशन पॉसिबल, सिव्हेरिटी क्रिटिकल, सीव्हीएसएस नऊ पॉइंट अमुक.’ इंग्रजी टूलने जे ओकलं ते तसंच उतरवलेलं. सरांनी क्लार्कला उभं केलं आणि म्हणाले, हे तुमच्या चेअरमनला वाचून दाखवा. क्लार्कने वाचलं. “आता चेअरमन काय करतील?” क्लार्क म्हणाला, “सही करतील आणि फाइल कपाटात ठेवतील.”

मग ते वाक्य मराठीत लिहायचं ठरलं. पहिला प्रयत्न: ‘या संगणकात गंभीर सुरक्षा त्रुटी आढळली आहे.’ सर म्हणाले, कपाटात. दुसरा: ‘हल्लेखोर संगणकावर नियंत्रण मिळवू शकतो.’ मिळवेना का, माझं काय जातं? अशी घासाघीस दुपारभर चालली. प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न: कोण काय करू शकेल, माझं काय जाईल, थांबवायला किती वेळ आणि पैसा. शेवटी सेलूच्या मुलीने लिहिलं ते असं: ‘आपल्या वायफायला जोडलेला कोणीही माणूस पासवर्ड न टाकता या कॉम्प्युटरमध्ये शिरून ठेवींच्या सगळ्या फायलींना कुलूप लावू शकतो आणि किल्लीचे पैसे मागू शकतो. मे २०१७मध्ये जगभर असंच झालं. त्यावरचा उपाय दोन महिने आधीच, मार्च महिन्यात फुकट उपलब्ध होता. इथे तो अजून लावलेला नाही. वेळ: अर्धा तास. खर्च: नाही.’ क्लार्कने ते वाचलं आणि विचारलं, “हे म्या घेऊन जाऊ का?”

तो घेऊन गेला, आणि काही दिवसांनी चेअरमनच्या सहीचा परवानगीचा कागद घेऊन आला. एका रविवारी सर, सेलूची मुलगी आणि गंगाखेडचा तो माणूस त्या पतसंस्थेत गेले. मला ‘कशालाही हात लावायचा नाही’ या अटीवर नेलं. शटर अर्धं खाली, चेअरमन स्वतः हजर. एनमॅप चालवायच्या आधीच बरंच दिसलं. वायफायचा पासवर्ड सभासदांच्या सोयीसाठी भिंतीवर चिकटवलेला, आणि हिशोबाचा कॉम्प्युटर त्याच वायफायवर. बॅकअपची हार्डडिस्क रोज न चुकता भरली जाते, पण त्याच कॉम्प्युटरला कायमची लावलेली. फायलींना कुलूप लागलं तर तिलाही लागणार. सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून रिमोटचं सॉफ्टवेअर चोवीस तास चालू ठेवलेलं, आणि त्याचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या पोरांनाही ठाऊक असणार. राउटरमध्ये नोंदी पाहायला गेलं तर त्या सकाळपासूनच्याच होत्या. लाइट गेली की राउटर आधीचं सगळं विसरतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांत १८० दिवसांच्या नोंदी ठेवा आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा असं सांगितलं आहे. परभणीत लोडशेडिंग त्या नोंदी दिवसातून दोनदा पुसतं.

चेअरमन सगळं शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “ते समदं ठीक हाय. पण हे कोणामुळं झालं, तेवढं सांगा.”

क्लार्कने मान खाली घातली. सर म्हणाले, अहवालात माणसाचं नाव येत नाही, यंत्राचं येतं. चेअरमनना ते पटलं नसावं, पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

पासबुक छापायच्या कॉम्प्युटरवर विंडोज सेव्हन होतं, ज्याचा पाठिंबा १४ जानेवारी २०२०लाच संपला. बदला म्हणावं तर पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाही, आणि नवा प्रिंटर म्हणजे संचालक मंडळापुढे ठराव. यावर बराच वाद झाला. सेलूच्या मुलीचं म्हणणं, हे यंत्र आजच बंद करा. चेअरमनचं म्हणणं, उद्या बाजाराचा दिवस आहे, पासबुक छापलं नाही तर लोक पैसेच काढून नेतील. ती भीती खोटी नव्हती. मराठवाड्यात पतसंस्थेबद्दल अफवा उठायला दोन तास पुरतात. तोडगा गंगाखेडच्या माणसाने काढला. त्याने एक जुना नेटवर्क स्विच आणला, प्रिंटरचा कॉम्प्युटर वायफायपासून तोडला आणि फक्त काउंटरच्या एका यंत्राशी वायरने जोडला. इंटरनेट नाही, बाकी कोणाशी बोलणं नाही.

पावसाळा लागल्यावर तेच तिघं फेरतपासणीला गेले. भिंतीवरचा पासवर्ड गेला होता, सभासदांचं वायफाय वेगळं झालं होतं, हार्डडिस्क आता चेअरमनच्या तिजोरीत रात्री जात होती. रिमोटचं सॉफ्टवेअर बंद होतं. लागलं की क्लार्क स्वतः चालू करायचा. विंडोज सेव्हन होतं तिथेच, एकटं. पण एनमॅपने एक नवं पोर्ट दाखवलं, जे आधी नव्हतं. मधल्या काळात संस्थेने सुरक्षेसाठी म्हणून कॅमेरे बसवले होते. सेलूच्या मुलीने अहवालात नवा मुद्दा चढवला, सरांना न विचारता: ‘कॅमेऱ्याच्या डब्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच आहे. आपल्या नेटवर्कवर शिरलेला कोणीही माणूस तिजोरी कधी उघडते, कोण उघडतं हे बसल्या जागी पाहू शकतो. वेळ: पाच मिनिटं. बसवणाऱ्याला बोलवा, तुमच्यासमोर बदलायला लावा, आणि नवा पासवर्ड त्याला सांगू नका.’